संप्रेरकांची वेळ पाळू या

"रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू ना?"

थायरॉइडचं औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्यात त्यांची काही चूक नाही. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, खोकला गेला की औषधाची बाटली कपाटात ठेवायची, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तोच हिशेब इथे लावला जातो आणि गोळी परस्पर बंद होते. सुरुवातीचे आठवडे बरे जातात, त्यामुळे निर्णय योग्यच होता असं वाटतं. मग हळूहळू थकवा येतो, केस गळू लागतात, चेहरा सुजतो, पाळी बिघडते. दोन-तीन महिन्यांपूर्वी बंद केलेल्या गोळीशी या तक्रारींचा संबंध असेल हे लक्षातही येत नाही.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमधली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत जवळपास ११ टक्के प्रौढांची थायरॉइड ग्रंथी कमी काम करताना आढळली. म्हणजे आपल्या इमारतीत, आपल्या कार्यालयात, आपल्या नात्यात ही गोळी घेणारं कोणीतरी असणारच. तरीही ती का घ्यायची, कशी घ्यायची आणि तपासणी केव्हा करायची, हे समजावून सांगायला दवाखान्याच्या गर्दीत वेळ मिळत नाही. या लेखात ते सविस्तर पाहू. त्यासाठी आधी शरीरातल्या ग्रंथी एकमेकींशी कशा बोलतात, ते समजून घ्यायला हवं.

पंगत आणि वाढपी

अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द पहिल्यांदा वापरला. चेतवणं, हालचाल करायला लावणं अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला आहे. मराठीतला 'संप्रेरक' हा शब्द तोच अर्थ नेमका सांगतो. ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडते, रक्त तो अंगभर फिरवतं, आणि ज्या पेशींना तो ओळखता येतो त्या कामाला लागतात.

पण कोणता स्राव किती सोडायचा, हे कोण ठरवतं? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं मांडली आहेत, आत आचारी भात शिजवतो आहे, आणि वाढपी पानांवर नजर ठेवून फिरतो आहे. पानातला भात संपत आला की तो स्वयंपाकघराकडे हाक देतो, "भात आणा!" भात आला की हाक थांबते. येत नसेल तर आवाज चढत जातो.

थायरॉइडचं काम असंच चालतं. गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी दिसणारी ही ग्रंथी म्हणजे आचारी. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, त्वचा, केस, मनाचा उत्साह या सगळ्यांचा वेग त्यांच्यावर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी म्हणजे वाढपी. रक्तात टी-४ कमी पडलं की ती टीएसएच नावाची हाक मोठ्याने देते. पुरेसं झालं की आवाज खाली येतो. या वाढप्यावरही हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भागाची देखरेख असते.

एवढं लक्षात ठेवलं की रिपोर्ट वाचताना गोंधळ होत नाही. टीएसएच वाढलेलं असेल तर वाढपी ओरडतो आहे, म्हणजे भात कमी पडतो आहे आणि थायरॉइड मंदावली आहे. टीएसएच अगदी कमी असेल तर पानांत भात गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणून वाढपी गप्प आहे. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड जास्त, असा उलटा अर्थ पुष्कळ जण लावतात. तो चुकीचा आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रोजची गोळी म्हणजे बाहेरून मागवलेला भात. तो वेळेवर येतो आहे म्हणून वाढपी शांत झाला. आपल्या चुलीत पुन्हा जाळ पेटला, असा त्याचा अर्थ होत नाही. नॉर्मल रिपोर्ट सांगतो की गोळीची मात्रा बरोबर आहे. तो पाहून गोळी बंद करणं म्हणजे पंगत चालू असताना भात आणणाऱ्याला परत पाठवणं.

हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी १८९१ साली थायरॉइड बंद पडलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला. सुजलेली, सुस्तावलेली ती बाई पुन्हा हिंडूफिरू लागली. पुढची २८ वर्षं तिने औषध सोडलं नाही. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. ती १९१९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. आज तेच काम मोहरीएवढ्या मात्रेहूनही कमी औषध असलेली गोळी करते. तिच्यातलं संप्रेरक आपल्या शरीरातल्या टी-४ सारखंच हुबेहूब असतं. म्हणून 'आयुष्यभराची गोळी' हे शब्द ऐकून घाबरू नका. शरीरात जे कमी पडतं, तेच आपण रोज भरून काढतो.

प्रत्येक संप्रेरकाचं घड्याळ वेगळं

संप्रेरक किती आहे यावर आपण फार बोलतो, पण त्याची वेळ कोणती याकडे दुर्लक्ष करतो. खरं तर औषध, तपासणी आणि वाट पाहणं, तिन्ही गोष्टी त्या वेळेवरच ठरतात.

रस्त्यात अचानक गाडी अंगावर आली की अॅड्रिनलीन क्षणात छाती धडधडायला लावतं आणि काही मिनिटांत ओसरतं. इन्सुलिनचं काम मिनिटांचं आणि तासांचं. कॉर्टिसोल दिवसाच्या चक्राने चालतं: पहाटेपासून सकाळी उठण्याच्या सुमाराला सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. पाळीची संप्रेरकं महिन्याच्या तालात चढतात-उतरतात. वाढीची आणि वयात येण्याची संप्रेरकं वर्षांच्या हिशेबाने काम करतात.

टी-४ यात सर्वांत संथ चालणाऱ्यांपैकी एक. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे काही बिघडलंय असं वाटत नाही. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत फरकही पडत नाही. मात्रा बदलली की रक्तातली पातळी स्थिरावून वाढप्याची हाक बदलायला सहा आठवडे तरी जातात. त्यामुळे मात्रा ठरवण्यासाठी टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून मात्रा पुन्हा बदलली तर आकड्यांचा झोपाळा सुरू होतो. एकदा मात्रा जमली की सहसा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने केलेली तपासणी पुरते.

तपासणीला जाताना

थायरॉइडच्या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. मात्र टीएसएच दिवसभरात थोडं बदलतं, पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी आणि त्याच प्रयोगशाळेत रक्त द्यावं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, त्यामुळे तपासणीआधी दोन-तीन दिवस ते थांबवायला सांगतात.

आकडा थोडासाच वाढलेला असेल, म्हणजे टीएसएच साडेचार ते दहाच्या दरम्यान आणि टी-४ नॉर्मल असेल, तर लगेच आयुष्यभराचं औषध सुरू होईल असं समजू नका. नुकतंच मोठं आजारपण होऊन गेलं असलं तरी हा आकडा तात्पुरता वाढतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून, लक्षणं, वय, अँटिबॉडीची तपासणी आणि गर्भधारणेचा विचार पाहून डॉक्टर निर्णय घेतात. सत्तरीपुढच्या माणसांत हा आकडा जरा वर असणं पुष्कळदा स्वाभाविक असतं. आजी-आजोबांच्या रिपोर्टवरचा लाल रंग पाहून घरच्यांनी घाई करू नये. दहाच्या वर मात्र सहसा उपचार करावे लागतात.

गोळी घेण्याची शिस्त

ही गोळी आतड्यातून नीट शोषली जाण्यासाठी पोट रिकामं लागतं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका. आपल्याकडे खरी अडचण नाश्त्याची नसून चहाची आहे. डोळे उघडताच चहाचा कप हातात येतो आणि गोळी त्याच घोटाबरोबर जाते. चहा, कॉफी, दूध यांमुळे गोळीचा काही भाग वाया जातो आणि मग मात्रा वाढवावी लागते. गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. आंघोळ, फिरणं, घरची आवराआवर होईपर्यंत चहाची वेळ आपोआप होते.

कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची पातळ औषधं या गोळीला चिकटून तिचं शोषण अडवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह संध्याकाळी किंवा रात्री, ही विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. सकाळ धावपळीचीच असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. सकाळ असो वा रात्र, एक वेळ ठरवा आणि रोज तीच पाळा.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. टी-४ संथ चालतं, त्यामुळे एका दिवसाने बिघडत नाही. आठवल्यावर घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा विसर पडत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, नाहीतर गोळी कमी पडते आहे असं समजून मात्रा वाढवली जाईल. बाटली उन्हापासून, ओलसर जागेपासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवा. प्रवासाला जाताना पुरेशा गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या.

वजन कमी करण्यासाठी गोळी वाढवून घेणं धोक्याचं आहे. मंदावलेल्या थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा काही किलोंचंच असतं, आणि त्यातही अंगात साठलेलं पाणी बरंच असतं. गरजेपेक्षा जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. उतारवयात हा धोका आणखी मोठा असतो.

आहाराच्या बाबतीतही भीती फार पसरली आहे. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर शिजवलेला कोबी, फ्लॉवर किंवा बाजरीची भाकरी सोडण्याची गरज नाही. सोयाबीनचे पदार्थ आणि गोळी यांत मात्र अंतर ठेवा.

जिथे एक दिवसही थांबायचं नाही

थायरॉइडच्या बहुतेक गोष्टींत धीर धरायचा असतो. दोन प्रसंगी मात्र धीर घातक ठरतो.

पहिला प्रसंग गर्भारपणाचा. पोटातल्या बाळाची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमाराला काम करू लागते. तोपर्यंत बाळाच्या मेंदूला लागणारं टी-४ सगळं आईकडून येतं. आईची गरज पाळी चुकल्यापासूनच वाढते, आणि जी आधीपासून गोळी घेते तिला सहसा २५ ते ५० टक्के जास्त मात्रा लागते. म्हणून थायरॉइडचं औषध घेणाऱ्या बाईने मूल होऊ देण्याचं ठरवण्याआधीच टीएसएच तपासून घ्यावं. दिवस गेल्याचं कळताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. 'गरोदरपणात कुठलीही गोळी नको' असं सांगणारी माणसं घरात प्रेमापोटीच बोलतात, पण ही गोळी बंद करणं म्हणजे बाळाचा वाटा काढून घेणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, तेव्हा वर सांगितलेलं चार तासांचं अंतर विसरू नका. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइड बिघडते. तिचा थकवा, चिडचिड, रडू येणं जागरणांच्या नावावर टाकून न देता एकदा रक्त तपासा.

दुसरा प्रसंग नवजात बाळाचा. काही बाळं थायरॉइड ग्रंथीशिवाय किंवा अपुरं काम करणारी ग्रंथी घेऊन जन्मतात. जन्मतः ती इतर बाळांसारखीच दिसतात. लक्षणं उमटतात तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं आणि ते पुढे भरून येत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही उणीव ओळखता येते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतरांसारखंच वाढतं, शिकतं. मतिमंदत्वाच्या ज्या कारणांना पूर्णपणे टाळता येतं, त्यांत हे अगदी वरचं. तुमच्या घरी बाळ येणार असेल तर प्रसूतीच्या रुग्णालयात आधीच विचारा: "बाळाची थायरॉइड तपासणी होते ना?" होत नसेल तर ती बाहेर करून घ्या. बारशाची तयारी नंतर करता येईल.

मिठाच्या बरणीतलं औषध

टी-४ च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन मिळालं नाही तर आचाऱ्याकडे तांदूळच नसतो. वाढपी ओरडत राहतो, ग्रंथी आपला आकार वाढवून जास्तीत जास्त आयोडीन पकडायचा प्रयत्न करते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो.

हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. काही भागांतल्या लोकांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं मीठ ठेवलं. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचं प्रमाण झपाट्याने घटलं. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाला अशा कामाचा पाया मिळाला.

प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला सुमारे २५०. शेंदेलोण किंवा मिठागराचं खडेमीठ चवीला आवडत असेल, पण त्यावर आयोडीन मिसळल्याचा उल्लेख नसेल तर रोजच्या स्वयंपाकात ते वापरू नका. उपवासापुरतं किंवा लोणच्यापुरतं चालेल. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा आणि शक्य तेव्हा भाजी-आमटी शिजत आल्यावर घाला. रक्तदाबामुळे मीठ कमी केलं असेल तर जे थोडं खाता ते तरी आयोडीनयुक्त असू द्या.

ग्रंथी जास्त काम करू लागली तर

भूक असूनही वजन उतरतंय, हात थरथरताहेत, घाम फार येतो, छाती धडधडते, शौचाला वारंवार जावं लागतं, डोळे मोठे दिसू लागले आहेत: ही थायरॉइड जास्त चालत असल्याची लक्षणं. यावर गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. या आजारासाठी कार्बिमॅझोलसारखी गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करा. क्वचित काहींमध्ये हे औषध त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करतं.

स्टेरॉइड अचानक थांबवू नका

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया अशा ताणात रक्तदाब आणि साखर टिकवून धरण्याचं काम त्याचं. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा त्वचेच्या आजारासाठी काही आठवड्यांहून जास्त काळ कॉर्टिसोलसारखंच काम करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की बाहेरून इतका भात येतो की आपला आचारी चूल विझवून बसतो. औषध एकदम थांबलं तर चूल लगेच पेटत नाही. मग उलट्या, भोवळ, रक्तदाब एकदम उतरणं, बेशुद्धी येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो.

म्हणून स्टेरॉइड डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे पायरी-पायरीनेच कमी करा. बरीच वर्षं घेत असाल तर तसं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. तापात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा तात्पुरती वाढवावी लागते का, तेही आधीच विचारून ठेवा. सांधेदुखीवर चार दिवसांत जादू करणाऱ्या, नाव-लेबल नसलेल्या पुड्या घेत असाल तर त्यांत स्टेरॉइड असू शकतं. अशी पुडी मनाने सुरू करू नका. बरेच दिवस घेतली असेल तर मनाने बंदही करू नका. पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

साखर, पाळी आणि उंची

जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ती पेशींत पोचवली जाते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर स्नायू त्यातली बरीच साखर वापरतात. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी जेवणाची खात्री झाल्यावरच टोचावं, विशेषतः लग्नकार्यात, जिथे पंगतीला हमखास उशीर होतो. हातपाय कापू लागले, घाम फुटला, गरगरलं आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या.

पाळीच्या संप्रेरकांची तपासणी कोणत्या दिवशी केली, यावर तिचा अर्थ ठरतो. काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी करतात, तर प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी पाहतात. म्हणून तारखा लिहून ठेवा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं चालतं. त्यानंतर चक्र वारंवार ३५ दिवसांहून लांबत असेल किंवा तीन महिने पाळी आली नसेल तर दाखवा. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर संकोच न करता त्याच आठवड्यात तपासून घ्या.

मुलांसाठी घरातल्या एका भिंतीवर दर वाढदिवसाला उंचीची खूण करा. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल साधारणपणे वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वाढ चार सेंटिमीटरच्या खाली राहिली, मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आत वयात येऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. वयात आल्यानंतर हाडांची वाढणारी टोकं काही वर्षांत जुळतात आणि त्यानंतर उंचीसाठी काही करता येत नाही.

एक वही करा

'हॉर्मोन संतुलित करणारे' काढे, चूर्णं आणि गोळ्या आज सर्वत्र विकल्या जातात. कोणतं संप्रेरक, कुठल्या ग्रंथीचं, किती कमी आणि ते मोजलं कधी, या चार प्रश्नांचं उत्तर जो देऊ शकत नाही त्याच्याकडून काही घेऊ नका. पोटभर पण मोजकं जेवण, रात्रीची पुरेशी झोप, रोजचं चालणं आणि आयोडीनयुक्त मीठ, ग्रंथींना एवढंच रोज हवं असतं. बिघाड झाला तर त्यावर नेमकं औषध आहे, आणि ते बहुतेकदा स्वस्त आहे.

आजच घरात एक वही करा. प्रत्येकासाठी एक पान. औषधाचं नाव, मात्रा, ती कधी बदलली ती तारीख, तपासणीची तारीख आणि वेळ, आलेला आकडा, पुढची तपासणी कधी. सोबत पाळीच्या तारखा आणि मुलांची उंची. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ही वही सोबत राहील आणि तुमच्या शरीराने दिलेल्या हाका कोणालाही वाचता येतील. पहिली नोंद उद्या सकाळी चहाच्या आधी करा.